३५ मिनिटांतली ७ मिनिटे : शाळेतला शारीरिक शिक्षणाचा तास नेमका कुठे जातो?

गेल्या हिवाळ्यात सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या मैदानाच्या कडेला, कडुनिंबाच्या पारावर बसून मी सातवीच्या वर्गाचा शारीरिक शिक्षणाचा एक संपूर्ण तास घड्याळ लावून पाहिला. वर्गात ५२ मुले होती. सगळ्यांवर लक्ष ठेवणे शक्य नव्हते, म्हणून रांगेत शेवटून तिसऱ्या उभ्या असलेल्या एका मुलीची निवड केली आणि ती प्रत्यक्ष हालचाल करते तेवढाच वेळ मोजायचा, असे ठरवले. वर्गातून बाहेर पडून रांगा लागेपर्यंत ६ मिनिटे गेली, हजेरीला ४ गेली. मग थोडी कवायत झाली, सरांनी खो-खोचे दोन संघ पाडले आणि उरलेल्या मुलांना चुन्याच्या रेघेबाहेर बसून टाळ्या वाजवायला सांगितले. ती मुलगी या उरलेल्यांत होती. तिने टाळ्या मनापासून वाजवल्या, मधूनच मैत्रिणीच्या वेणीची सुटलेली रिबन बांधून दिली आणि घंटा झाल्यावर नळावर पाणी पिऊन ती वर्गात गेली. वेळापत्रकात ३५ मिनिटांचा असलेला तो तास तिच्या वाट्याला ७ मिनिटांचा आला होता.

त्या शाळेचे सर कामचुकार नाहीत. सुट्टीच्या दिवशीही मैदानावर येणारे ते गृहस्थ आहेत आणि त्यांचा संघ जिल्हा स्तरावर खेळतो. उणीव तासाच्या रचनेत आहे. हीच रचना आपल्याकडील बहुतेक शाळांत आढळते, म्हणून ती समजून घेणे आवश्यक आहे.

खेळ, क्रीडास्पर्धा आणि शारीरिक शिक्षण हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मधल्या सुट्टीत मुले आपल्या मनाने जे खेळतात, तो खेळ. नियम, पंच, तालुका स्तर, जिल्हा स्तर, प्रमाणपत्र आणि दहावीला मिळणारे सवलतीचे गुण हा झाला क्रीडास्पर्धांचा भाग. शारीरिक शिक्षण मात्र गणित किंवा मराठीसारखा विषय आहे, म्हणजे तो वर्गातील प्रत्येक मुलासाठी आहे. मराठीच्या तासाला वक्तृत्व स्पर्धेत निवडलेल्या दोघांकडूनच वाचन करून घेतले आणि बाकीच्या पन्नास जणांना ऐकत बसवले, तर पालक दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतील. मैदानावर नेमके हेच घडते आणि ते कोणालाही खटकत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तर हे खटकणे अधिकच अवघड आहे, कारण इथे पदकांचा अभिमान मोठा आहे आणि तो रास्त आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ साली वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीचे रौप्यपदक आणले. या नावांमुळे शाळेचे शारीरिक शिक्षण कपाटातील ढालींवरून मोजण्याची सवय आपल्याला लागली. वास्तविक यांच्यापैकी काहींची वाटचाल वेगळेच काही सांगते. ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत होत्या आणि लांब पल्ल्याच्या धावण्याकडे त्या नंतर वळल्या. फलटण तालुक्यातील सरडे गावचा, पुढे टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेला तिरंदाज प्रवीण जाधव सुरुवातीला धावण्याचा सराव करत असे, तेव्हा त्याच्या अंगात पुरेसे बळ नाही हे जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकांच्या ध्यानात आले आणि त्यांनी आधी त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिले. अशा अशक्त मुलाकडे शिक्षकाचे लक्ष जाणे, हे शारीरिक शिक्षणाचे मूळ काम आहे.

आता मुलाला हालचाल लागते तरी किती, ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस त्यात दमवणारा, तसेच स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम असावा. 'मध्यम' आणि 'तीव्र' हे शब्द अवघड वाटले, तरी ते ओळखण्याची खूण सोपी आहे. अजिंक्यताऱ्याचा रस्ता झपाझप चढताना आपण शेजाऱ्याशी बोलू शकतो, पण गाणे म्हणू शकत नाही. ती मध्यम हालचाल. त्याच चढावर पळत गेलो तर दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावे लागते, ती तीव्र. सावधान-विश्राम या दोन्हींत बसत नाही. शिस्तीसाठी त्याचा उपयोग असेल, परंतु हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा काही परिणाम होत नाही.

ही ६० मिनिटे एका दमात व्हायला हवीत, असे नाही. सकाळी शाळेत चालत येणे, परिपाठानंतरची १० मिनिटे, मधली सुट्टी आणि संध्याकाळचा खेळ हे सगळे तुकडे त्यात धरले जातात. त्यामागची कारणे साधी आहेत. हृदय आणि फुप्फुसे कामाला लावली तरच त्यांची क्षमता वाढते, हे आपण ऐकलेले असते. हाडांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, त्या सुमारे दोन वर्षांत प्रौढ माणसाच्या हाडांतील खनिजांचा जवळपास पाव हिस्सा साठतो. उड्या, धावणे, दिशा बदलणे यांनी हाडावर भार येतो आणि त्या भाराला उत्तर म्हणून हाड अधिक घट्ट होत जाते. हा काळ साधारणपणे पाचवी ते नववीच्या वर्गांत येतो आणि मुलींच्या बाबतीत मुलांच्या आधी येतो. नेमक्या याच वयात आपल्याकडील मुली मैदानाच्या कडेला जाऊन बसू लागतात.

हिशेब केला तर चित्र आणखी स्पष्ट होते. आठवड्याला ४२० मिनिटांची गरज आहे. आठवड्यात दोन तास आणि प्रत्येक तासात ७ मिनिटे धरली, तर शाळेकडून १४ मिनिटे मिळाली. तास उत्तम चालला, म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या कसोटीप्रमाणे निम्मा वेळ प्रत्यक्ष हालचालीत गेला, तरी दोन तासांची मिळून ३५ मिनिटे होतात. म्हणजे केवळ तासाच्या जोरावर मुलाची गरज भागणार नाही, हे मान्य करावे लागते. तासाचे खरे काम तासाबाहेरही उपयोगी पडेल असे काही शिकवणे हे आहे: नीट धावावे कसे, उडी मारून खाली कसे यावे, चेंडू कसा झेलावा, दोघांत किंवा चौघांत मैदानाशिवाय काय खेळता येईल. चेंडू झेलता न येणारा मुलगा संध्याकाळी गल्लीत खेळायला जात नाही, कारण तिथे त्याला कोणी घेत नाही; आणि तो खेळायला जात नाही म्हणून त्याला झेल जमत नाही. हे चक्र तोडण्याची जागा शाळा हीच आहे.

'आमची खेड्यातली पोरं, त्यांना व्यायाम कशाला शिकवायचा?' असा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. एके काळी त्याला आधार होता. आज मुले व्हॅनने शाळेत येतात, शाळा सुटल्यावर शिकवणीला जातात आणि घरी मोबाईल असतो. जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले-मुली पुरेशी हालचाल करत नाहीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६ सालच्या आकडेवारीवर आधारलेला निष्कर्ष आहे. आपल्या उसाच्या पट्ट्यातील गावे त्याला अपवाद असतील, असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

मग त्या ३५ मिनिटांचे करायचे काय? खो-खोचेच उदाहरण घेऊ, कारण तो आपल्या मातीतला अत्यंत गुणी खेळ आहे आणि तरीही वर्गासाठी तो जसाच्या तसा वापरणे चुकीचे ठरते. नियमाप्रमाणे बसणाऱ्या संघाचे ९ खेळाडू मैदानात असतात, त्यांतले ८ चौकोनांत बसलेले असतात आणि एक पाठलाग करतो. पळणाऱ्यांचे तिघे एका वेळी आत असतात. म्हणजे कोणत्याही क्षणी प्रत्यक्ष धावणारे जास्तीत जास्त चार. वर्ग ५२ मुलांचा असेल, तर ४८ मुले त्या क्षणी स्थिर आहेत. स्पर्धेत हे योग्यच आहे, कारण तिथे कौशल्याची कसोटी लागते. तासाला मात्र एका मोठ्या मैदानाऐवजी चुन्याने चार छोटी मैदाने आखावीत, खांबांच्या जागी दोन दगड किंवा दोन दप्तरे ठेवावीत, प्रत्येक मैदानात पाच जण बसवावेत, एक पाठलाग करणारा आणि दोन पळणारे असावेत, आणि दर दोन मिनिटांनी जागा बदलाव्यात. आता चार मैदानांत मिळून १२ मुले सतत पळत आहेत. उरलेल्या वीस जणांचा गट बाजूला दोरीउड्या मारत आहे आणि दर पाच मिनिटांनी या गटातील मुले मैदानांतल्या मुलांशी जागा बदलत आहेत. एक शिक्षक, तेच मैदान, तेवढाच वेळ, आणि हालचालीची मिनिटे दुप्पट-तिप्पट.

दुसरा दोष 'बाद' होण्याचा. लंगडी, डॉजबॉल अशा खेळांत जो कच्चा असतो तो सर्वांत आधी बाद होतो आणि सर्वांत जास्त वेळ बसून राहतो. ज्याला सरावाची गरज नाही, तो शेवटपर्यंत खेळतो. बाद झालेल्याने बाहेर जाऊन दहा बैठका काढाव्यात आणि परत आत यावे, एवढा एकच बदल केला तरी खेळाची गंमत टिकते आणि कोणी बसून राहत नाही.

लेझीम या बाबतीत फार मोलाची आहे. पन्नास मुले-मुली एकाच वेळी, एकाच तालावर करू शकतील असा दमवणारा व्यायाम आपल्या परंपरेत तयार आहे. लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तिच्यातल्या चकत्या यांचे वजन हातांना आणि खांद्यांना काम देते, अर्धी बैठक घेऊन पुढे झेपावताना मांड्यांना काम मिळते, आणि हलगीचा ठेका चढला की श्वासही चढतो. आपण ती २६ जानेवारीसाठी आठ दिवस काढतो, निवडक मुलांना देतो आणि पुन्हा खोलीत कुलूपबंद करतो. आठवड्यातून एकदा १० मिनिटे सगळ्या वर्गाने लेझीम केली, तर मध्यम ते तीव्र हालचालीचा जवळपास तेवढाच वेळ सर्वांच्या पदरात पडेल.

कुलूपबंद साहित्याची गोष्ट निघालीच आहे, तर तिचे कारणही सांगायला हवे. अनेक शाळांत चेंडू, दोऱ्या, रिंगा डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवलेल्या असतात. वस्तू हरवली किंवा तुटली की हिशेब शिक्षकाला द्यावा लागतो, म्हणून शिक्षक साहित्य बाहेरच काढत नाहीत. दोरी वापरली की झिजणारच आणि चेंडू खेळला की फुटणारच. अशा वस्तूंची नोंद खडूप्रमाणे वापरून संपणाऱ्या साहित्यात करण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने घेतला, तर कपाटाचे दार उघडते.

हवामानाचा विचारही वेळापत्रकात दिसायला हवा. महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत पावसाळ्याचे दोन-अडीच महिने मैदान चिखलात असते, तर माण, खटाव, जत, आटपाडीकडे मार्चपासून दुपारचे ऊन सोसवत नाही. पहिल्या ठिकाणी बाकांच्या मधल्या जागेत करता येतील असे सूर्यनमस्कार, तोल सांभाळण्याचे आणि जागेवर धावण्याचे प्रकार आधीच आखून ठेवावे लागतात. दुसऱ्या ठिकाणी हा तास पहिला किंवा दुसरा ठेवावा लागतो आणि मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता मध्येच पाणी पाजावे लागते.

चाचण्यांविषयी थोडे. 'खेलो इंडिया'च्या शालेय तंदुरुस्ती तपासणीत ९ वर्षांवरील मुलांसाठी उंची-वजनाचे गुणोत्तर, ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, पाठीवर झोपून अर्धे उठणे आणि जोर असे प्रकार आहेत. यांतला प्रत्येक प्रकार शरीराचा वेगळा गुण पाहतो: वेग, दमसास, लवचिकता, पोटाची आणि हातांची ताकद. या चाचण्यांचा उपयोग मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदीशी करण्यासाठी व्हायला हवा. जूनमध्ये ६०० मीटरला चार मिनिटे घेणारी मुलगी जानेवारीत साडेतीन मिनिटांत आली, तर तिची प्रगती वर्गात पहिल्या आलेल्या मुलापेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे. उंची-वजनाच्या गुणोत्तराबाबत दोन पथ्ये पाळावीत. मोठ्यांचे ठरीव आकडे मुलांना लावू नयेत, कारण मुलांसाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते असतात. आणि कोणाचेही वजन सर्वांसमोर मोठ्याने वाचू नये. वजनाच्या आकड्यावरून चिडवले गेलेले मूल पुढच्या तासाला पोटदुखीचे निमित्त काढते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मैदानावर मुलाला दम लागतो तेव्हा त्यामागे आळस असेलच, असे नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के आहे. हिमोग्लोबिन रक्तातून प्राणवायू वाहून नेते. ते कमी असेल, तर स्नायूंपर्यंत पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही, हृदय जास्त धडधडते आणि दोन फेऱ्यांत धाप लागते. अशा मुलीला 'चल, नाटकं करू नको' असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिचे नाव आरोग्य तपासणीच्या पथकाकडे जायला हवे. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी याचसाठी असते. ती जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते, आणि तिच्यासोबत चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा यांनी उलट मदत होते.

खाण्याचेही तसेच. शालेय पोषण आहारातून पाचवीपर्यंतच्या मुलांना ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलांना ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित आहे. नववी आणि दहावी या योजनेबाहेर आहेत. सकाळी साडेसातला चहा-बिस्किटावर घरातून निघालेल्या नववीच्या मुलाला अकरा वाजता पळायला लावताना शिक्षकाने आधी 'काय खाल्लंस?' एवढे विचारावे.

मुली कडेला का बसतात, याचे उत्तर पुष्कळदा मैदानावर सापडतच नाही. स्वच्छतागृहाला कडी नसणे, पाणी नसणे, पाळीच्या दिवसांत पॅड बदलायची सोय नसणे, पळताना सावरावा लागणारा पोशाख, आणि कुंपणापलीकडे रस्त्यावर थांबून पाहणारी माणसे ही ती उत्तरे आहेत. आठवड्यातले दोन दिवस मुलींना ट्रॅक पँट घालून यायची परवानगी दिली आणि स्वच्छतागृहाच्या दाराची कडी दुरुस्त केली, तर एखाद्या प्रेरणादायी व्याख्यानापेक्षा जास्त फरक पडतो, असे माझे ठाम मत आहे. झोपेचाही उल्लेख इथेच करतो: १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. पहाटेची शिकवणी आणि रात्रीचा मोबाईल यांच्यात ती बसत नाही.

मैदानाचा एक लाभ डोळ्यांना होतो. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा वेळ उघड्यावर ठेवून तीन वर्षे पाहणी केली गेली. लांबच्या चष्म्याची, म्हणजे दूरचे नीट न दिसण्याच्या दोषाची सुरुवात त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांत झाली, तर नेहमीच्या वेळापत्रकातील शाळांत ती सुमारे ३९ टक्के मुलांत झाली. त्यासाठी मुलांनी काही विशेष व्यायाम करणेही आवश्यक नव्हते, दिवसाच्या उजेडात बाहेर असणे पुरेसे होते.

जानेवारी उजाडला की हा तास गणिताला किंवा विज्ञानाला दिला जातो आणि पालकांनाही त्यात बरे वाटते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली या विषयावरील ५० अभ्यास एकत्र तपासले. त्यांत पाहिलेल्या संबंधांपैकी निम्म्याहून किंचित अधिक ठिकाणी शारीरिक हालचालीचा अभ्यासाशी अनुकूल संबंध दिसला, जवळपास उरलेल्या सगळ्या ठिकाणी काहीच परिणाम दिसला नाही आणि प्रतिकूल परिणाम अगदी मोजक्या ठिकाणी आढळला. खेळाने गुण वाढतात, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तास काढून घेतल्याने गुण वाढतात, या समजुतीला यातून आधार मिळत नाही.

पालकांच्या हातात यासाठी कायदाही आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे, आणि सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, असावा, असेही म्हटले आहे. त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने 'शारीरिक शिक्षण आणि सुस्थिती' हा इतर विषयांच्या बरोबरीचा विषय मानला आहे. समितीच्या बैठकीत मैदानाच्या भिंतीचा रंग आणि स्नेहसंमेलनाचा मंडप यांवर चर्चा होते, तेव्हा एका पालकाने 'मागच्या महिन्यात सातवीचे शारीरिक शिक्षणाचे किती तास प्रत्यक्ष मैदानावर झाले?' असे विचारून उत्तराची इतिवृत्तात नोंद करून घ्यावी.

ज्या शाळेपासून मी सुरुवात केली, तिथल्या सरांना मी माझी ७ मिनिटांची नोंद दाखवली होती. ते आधी गप्प झाले, मग त्यांनी ती वही मागून घेतली. फेब्रुवारीत पुन्हा गेलो, तेव्हा हजेरी वर्गातून बाहेर पडतानाच होत होती, मैदानावर चुन्याचे चार छोटे चौकोन होते आणि नायलॉनच्या सुताच्या गुंडीतून कापलेल्या वीस दोऱ्या कुंपणाच्या तारेवर टांगलेल्या होत्या. त्याच मुलीची मिनिटे मी पुन्हा मोजली. १८ भरली. दोरीवर तिच्या सलग अकरा उड्या झाल्या, बाराव्याला पाय अडकला. घंटा झाल्यावर सगळे नळाकडे धावले आणि ती मागे राहून सरांना म्हणाली, "सर, ही दोरी आज घरी नेऊ का? उद्या आणते." सरांनी खिशातली डायरी काढली, तिचे नाव आणि दोरीचा क्रमांक लिहिला आणि खाली तिची सही घेतली.